बालगायिका, वय बावीस

एप्रिल लागला की वाटूर फाट्यावर एक बॅनर चढतं. त्यावर दोन वेण्या, लाल रिबिनी, डोळ्यांत टचटचीत पाणी आणि तोंडापुढं तिच्या डोक्याएवढा माईक, अशी एक पोरगी. शेजारी ठसठशीत अक्षरं: 'मराठवाड्याची लाडकी बालगायिका कु. सुमेधा अंगद मगरे आणि पार्टी'. बॅनर बघून माणसं भीमजयंतीच्या कार्यक्रमाला येतात, पुढची जागा धरतात. आणि स्टेजवर साडी नेसलेली, चांगली उंचीपुरी, बावीस वर्षांची बाई माईकपाशी आली की इकडंतिकडं बघायला लागतात.

"बालगायिका कुठंय?" एकदा एका कार्यकर्त्यानं थेट तिलाच विचारलं. "आली का न्हाई ती? तुमची लहान बहीण ना?"

"मीच ती."

टरबूज कापावं आणि आतून पांढरं निघावं, तसं त्या कार्यकर्त्याचं तोंड झालं. "अरारा," तो म्हणाला, "मोठ्या झाल्या व्हय तुम्ही."

जणू हिनं गावाला दिलेला शब्द मोडला होता.

तो फोटो काढा, असं सुमेधा दरवर्षी बापाला सांगते. बाप दरवर्षी म्हणतो, "पुढच्या साली बघू, बाई. लोकं त्याच्यावरच ओळखतेत आपल्याला." लोक ओळखतात हे खरं. ती पोरगी फोटोत रडते आहे, हेही सगळ्यांना दिसतं. ती कामून रडते आहे, हे मात्र इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही.

अंगद मगरेंचं फाट्यावर मोटार रिवायंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारीत तांब्याची तार भरता भरता गाणी रचायची, संध्याकाळी ती पेटीवर बसवायची आणि जयंतीच्या दिवसांत गावोगाव गायची, हा त्यांचा बाणा. ढोलकीवर कडूबा, धंद्यानं गवंडी. त्याची थाप अशी, की त्यानं मारलेलं प्लास्टरसुद्धा तालात वाळत असेल. कोरसला दोन चुलतभाऊ, सूर सापडला तर सापडला. पार्टी वाईट नव्हती. पण अशा पार्ट्या आजूबाजूला पैशाला पासरी.

सुमेधा सहा वर्षांची होती तेव्हा बापानं तिला तीर्थपुरीच्या कार्यक्रमात उभं केलं. गळा साफ, पाठांतर पक्कं. गाणं अंगदनं स्वतः रचलेलं, रमाईचं: 'दिवा विझला तरी रमाई दारात उभी राहिली'. समोर पहिल्या रांगेत तिची आई वंदना, मांडीवर धाकटा भाऊ. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याच्या तोंडाला धाकट्यानं आईचं लुगडं घाण केलं, आणि वंदनाबाई त्याला उचलून लगबगीनं मांडवामागं धुवायला गेल्या.

स्टेजवरून पोरीला एवढंच दिसलं की आई उठली, पाठ फिरवली आणि गेली. गाव परकं, समोर सगळी परकी तोंडं. तिला हुंदका फुटला. पण काही झालं तरी गाणं थांबवायचं नसतं, हे बापानं बजावलेलं. म्हणून ती गात राहिली. नाक गळतंय, हनुवटी थरथरतेय, आणि सूर मात्र जागचा हलला नाही.

मांडव ढसाढसा रडला. लोकांना वाटलं, एवढंसं लेकरू रमाईसाठी रडतंय. सगुणाबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत स्टेजवर चढली, पोरीच्या तोंडावरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली आणि माईकवर सांगितलं, "हिच्या पोटातून माय रमाई बोलून राह्यली." झालं. दुसऱ्या दिवसापासून अंगदच्या दुकानात जळालेल्या मोटारींपेक्षा कार्यक्रमाच्या सुपाऱ्या जास्त यायला लागल्या.

अडचण एकच. प्रत्येक गावाला ते 'रडायचं गाणं' पाहिजे, आणि पुढच्या गावी पोरगी रडेना. आई समोर बसलेली, पोटात जिलबी, ती कशाला रडेल? पण अंगद डोकेबाज माणूस. मोटार कशानं जळाली ते नुसत्या वासावरून सांगणारा. पोरगी कशानं रडली ते कळायला त्याला कितीसा वेळ लागणार?

मग पद्धत बसली. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाला कडूबा ढोलकीच्या डाव्या अंगाला दोन जड थापा द्यायचा. त्या थापा गाण्यातल्या नव्हत्या. त्या वंदनाबाईसाठी होत्या. ऐकू आल्या की तिनं चपला सरकवायच्या, उठायचं आणि मांडवाबाहेर जायचं. बस. बाकीचं काम पोरगी करायची.

"आई पाणी आणायला गेल्ती," असं कार्यक्रम संपल्यावर तिला सांगायचे. पुढच्या गावी, "आई मावशीला बघायला गेल्ती." पोरगी काही खुळी नव्हती. मागच्या वेळी आई परत आली होती, हे तिला चांगलं आठवायचं. पण मागच्या वेळी आली म्हणून या वेळी येईलच, याची हमी त्या वयात कोण देणार? म्हणून ती दर गावात नव्यानं, अस्सल रडायची. टाळ्या पडायच्या. टाळ्या वाजवणारे सगळे लेकराबाळांचे मायबाप, हे विशेष. आपल्या लेकराला साधी ठोकर लागली तर उंबऱ्याला शिव्या घालणारी ही माणसं, दुसऱ्याच्या लेकराला रडताना बघायला सतरंजी घेऊन येत होती.

चौथीत असताना एका गावात जेवणाच्या पंगतीत तिच्या कानावर पडलं. कडूबा तिच्या आईला सांगत होता, "वैनी, आज जरा लवकर उठा बरं. पाहुण्यांना पुढं जायचंय."

त्या संध्याकाळी थापा पडल्या, आई उठली, गेली. सुमेधानं बघितलं. आणि डोळ्यांत टिपूस नाही. समोर मांडव वाट बघतोय, पेटीवरून बाप डोळे वटारतोय. मग तिनं नाक ओढलं, हनुवटी थरथरवली, आवाज मधेच कापला. मांडव रडला. नटी म्हणून तिची कारकीर्द त्या संध्याकाळी सुरू झाली. फरक कुणालाच कळला नाही. बाप तर म्हणाला, "आज लैच भारी रडलीस."

आपल्याला कळलंय, हे तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर खरं सांगतील, याचीच तिला भीती होती. त्यामुळं पुढची कितीतरी वर्षं कडूबा थापा देत राहिला, आई उठून जात राहिली आणि सुमेधा नाक ओढत राहिली. तिघंही आपापलं काम चोख करत होते.

मोबाईलवर छोटे सिनेमे करणारी पोरं जालन्यात गल्लोगल्ली निघाली, तेव्हा त्यांना रडणारी पोरगी लागायचीच. शहीद जवानाची पोरगी, दारुड्याची पोरगी, हुंड्यासाठी जळालेल्या बाईची पोरगी. सगळ्या सुमेधानं केल्या. पडद्यावर तिनं किती बाप पुरले, त्याचा हिशेब नाही. आणि तिचा खरा बाप दर वेळी बाजूला उभा राहून थर्माकोलचा पत्रा धरायचा, तिच्या आसवांवर ऊन नीट पडावं म्हणून.

पोरगी वाढत गेली, मागणी वाढली नाही. चौदाव्या वर्षीही वेण्या सोडू देईनात. सोळाव्या वर्षी फ्रॉक घालायला लावला, तेव्हा तिनं मेकअपच्या खोलीची कडी आतून लावली आणि पंजाबी ड्रेस येईस्तोवर काढली नाही. बारावीनंतर ती शिकायला जालन्याला आली, मस्तगडमध्ये एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. बी.ए. केलं. पोटासाठी रिक्षावर फिरणाऱ्या जाहिरातींना आवाज द्यायला लागली. 'बियाणे घ्या, चादरी घ्या, सेलचा शेवटचा दिवस' असं ती सगळ्या शहराला सांगत फिरायची, फक्त ती बोलतेय हे शहराला माहीत नव्हतं.

अशात मिथुनचा फोन आला. हा मिथुन आपल्या बोलीत वेब सिरीज करायचा, बघणारे भरपूर. त्याच्याकडं ट्रक ड्रायव्हरच्या बायकोचं काम होतं. मेन रोल. त्यात एक अंगाईही, तिनंच गायची.

"ताई, सुरुवातीला तुमचं नाव सेपरेट येईल," मिथुन म्हणाला. "गायिका-अभिनेत्री सुमेधा मगरे."

"आधी बाल न्हाई ना लावणार?"

"मोठ्या हायेत की तुम्ही. आईचा रोल हाय तुमचा."

फोन ठेवल्यावर तिनं मैत्रिणीला गच्च मिठी मारली. एवढं एक काम नीट पार पडलं की बॅनरवरची ती पोरगी मेली, असं तिला वाटलं. लोक पुढच्या वेळी हिला बघायला येतील, तिला नाही. अंगाई तिनं स्टुडिओत स्वतःच्या दमदार, थोड्या जाड आवाजात गायली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "ताई, हा आवाज कुठं लपवून ठेवल्ता?"

शूटिंग वाटूरच्या अलीकडं एका शेतातल्या घरात होतं. अंगदराव बोलवणं नसताना हजर. हातात थैली, थैलीत थर्मास, तोंडावर 'मी सुमेधाचा बाप' असा भाव. सवय असते एकेकाला.

सीन साधा होता. ट्रक परत आलेला नाही, आई पोरीला मांडीवर घेऊन अंगाई गाते, आणि पोरीला कळतं की बाप यायचा नाही, ती रडते. पोरीचं काम करायला परतूरहून पायल नावाची सहा वर्षांची मुलगी आलेली, तिची आई अर्पिता तिला घेऊन. पायलचे पुढचे दोन दात पडलेले, आणि त्या खिंडीतून तिचं हसू सारखं बाहेर यायचं. कॅमेरा चालू झाला की ती सुमेधाच्या मांडीवर पडल्या पडल्या खिदळायची.

"हसू नको ना, बाळ," मिथुन म्हणाला.

"दीदीच्या पोटात गुरगुर वाजून राह्यलंय," पायल म्हणाली.

सगळं युनिट हसलं. सुमेधाही. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा पायलला गुदगुल्या. मग डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. डोळे लालभडक झाले, पोरगी "आगआग होऊन राह्यली" म्हणून नाचली, आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा हसली. ऊन उतरायला लागलं. मिथुनचा चेहराही.

लिंबाखाली बसलेल्या अंगदरावांनी हाक मारली, "मिथुन सर, जरा इकडं या."

सुमेधा अंगणातल्या बाजेवर होती. बाप काय बोलतोय ते तिला ऐकू येत नव्हतं. पण बाप हातानं बोलणारा माणूस. त्यानं आधी पायलकडं बोट केलं. मग कडेला बसलेल्या अर्पिताकडं. मग उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर चालवली, टुकूटुकू, तळव्याच्या कडेपर्यंत आणि कडेच्या पलीकडं. 'हे आधी कसं सुचलं नाही' अशा थाटात मिथुननं कपाळावर हात मारला. वा! आणि अंगदराव हसले. खाणावळवाल्यानं आपल्या रश्श्याची कृती सांगावी, तसं. अभिमानानं.

सुमेधानं ती चालणारी बोटं ओळखली. ती उठेस्तोवर मिथुन ओरडला, "चला, चला, उजेड चालला. जल्दी!" पायल मांडीवर येऊन पडलीसुद्धा. स्पीकरवर अंगाई सुरू झाली. सुमेधा ओठ हलवायला लागली. मनात म्हणाली, नसेल तसं. आपल्यालाच तसं दिसलं.

दुसऱ्या ओळीला मिथुननं अर्पिताला खूण केली. अर्पितानं चपला सरकवल्या, पर्स काखेत मारली आणि फाटकाकडं चालायला लागली. मागं न बघता. तसंच सांगितलेलं असणार.

मांडीवरची पोरगी ताठ झाली. तिनं मान उचलली. तिची बोटं सुमेधाच्या पदरात रुतली, आणि खालचा ओठ बाहेर यायला लागला. "मम्मी?" ती एकदम बारीक आवाजात म्हणाली.

"रोल ठेवा, रोल ठेवा," मिथुन कुजबुजला. "जवळ घ्या कॅमेरा. मस्त."

"अर्पिताताई!" सुमेधा एवढ्या जोरात ओरडली, की लिंबावरचे पक्षी उडाले. "बसा खाली! जागच्या हलू नका!"

अर्पिता दचकून फाटकापाशी थांबली. पायल पळत जाऊन तिच्या पायाला चिकटली. "कुठं चालल्तीस गं तू?"

"कुठं न्हाई गं, पिल्लू. सर म्हणले म्हणून..." अर्पिता रडवेली झाली. काम हातचं जाईल या भीतीनं ती उठली होती, आणि आता ओरडा बसल्यावर चूक नेमकी कुणाची, हेच तिला कळेना.

"ताई, काय हे?" मिथुन कपाळाला हात लावून आला. "एका मिनिटाचं काम होतं. शॉट झाल्यावर आई लगेच येणारच होती ना. चॉकलेट देणार होतो मी."

"मला बी द्यायचे चॉकलेट."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते पप्पांना विचारा. तुम्हाला नुसखा देऊन राह्यलेत, तर सगळाच द्या म्हणावं. आई परत आल्यावर पोरगी मुतल्याली असती, हे सांगितलं का त्यांनी? घरी आई परसाकडं निघाली तरी तिचा पदर धरून मागं पळती, हे सांगितलं का?"

अंगदराव लिंबाखालून उठले. "सुमे, लोकं हायेत."

"लोकं तर कायमच होते, पप्पा."

मिथुन समजुतीच्या सुरात आला. "हे बघा, रडणं लागतंय सीनला. त्याच्याबिगर सीन मेला."

"मंग मी रडते. मला घ्या जवळून. लागेल तेवढं रडते, पायजे त्या डोळ्यातून रडते. आयुष्य गेलं माझं त्याच्यात."

"तुमचं रडणं?" मिथुन हसला. वाईट माणूस नव्हता तो, खरंच त्याला नवल वाटलं होतं. "ताई, मोठ्या बाईचं रडणं कोण बघतंय? लेकराचंच चालतं."

 इतक्या वर्षांत कुणी इतकं उघड सांगितलं नव्हतं. तिनं गळ्यातलं खोटं मंगळसूत्र काढलं, बाजेवर ठेवलं.

"मंग हा सीन माझ्याकडून न्हाई होणार."

"सीन की सिरीज?"

"तुम्ही ठरवा."

त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेकअपची गाडी दुसऱ्या बाईला घ्यायला गेली.

त्या संध्याकाळीच बापाच्या मोटारसायकलवर मागं बसून ती घरी आली होती.  अंगणात गाडी स्टँडला लावल्याबरोबर अंगदराव सुटले.

"मेन रोल होता, मेन! असं लाथाडतेत का? आन माझी इज्जत काढली चार लोकांत. कधी एक चापट मारली का मी तुला? मारून रडवलं का कधी? सांग तुझ्या आईसमोर."

"मारलं असतं तर बरं झालं असतं," सुमेधा म्हणाली. "मारल्यावर लेकरू आईकडं पळतं. तुम्ही आईच उठवायचे."

वंदनाबाई पिठाच्या हातानं दारात आल्या होत्या.  आपल्या लेकीला हे माहीत आहे, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"कधी कळलं तुला?"

"चौथीत."

"चौथीत?" बाईंनी दाराच्या चौकटीला पाठ टेकली. "मंग मी त्याच्यानंतर कामून उठत होते?"

 मग सुमेधानं, इतकी वर्षं जे विचारायला घाबरली होती, ते विचारलं. "जायचीस कुठं तू उठून?"

"कुठं जाणार? मांडवामागं. जनरेटरपाशी उभी ऱ्हायचे." वंदनाबाईंनी हातावरचं पीठ खरवडलं. "त्याच्या धडधडीत तुझं रडणं ऐकू यायचं न्हाई."

अंगदराव तोंड धुवायला म्हणून न्हाणीत गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला.

आठवड्यानं मिथुनचा फोन आला. बोलणं गोड. "ताई, झालं गेलं सोडा. तुमची अंगाई ठेवतो मी. आवाज बेस्ट हाय. ती नवीन बाई नुसते ओठ हलवील. नाव टाकतो ना तुमचं, शेवटी."

"पायल हाय का त्या सीनमध्ये?"

"न्हाई, ती हसरी निघाली. अंबडची पोरगी आणली दुसरी. काय रडती! तुमच्या पप्पांचा फॉर्म्युला बिलकुल..."

"माझा आवाज काढा."

"अहो, फुकटात नाव होऊन राह्यलंय तुमचं!"

"त्या रडण्याखाली माझा आवाज नको. मी सही केलेली न्हाई अजून. काढा."

त्यानं काढला. कुठल्यातरी मुलीकडून तीच अंगाई तासाभरात गाऊन घेतली. भाग आला आणि आल्या आल्या गाजला. मस्तगडच्या खोलीत मैत्रिणीच्या मोबाईलवर सुमेधानं तो बघितला. अंबडची ती चिमुकली मांडीवरून मान वर करते, कॅमेऱ्याच्या पलीकडं कुणालातरी शोधते आणि फुटते. खाली लोकांचा पूर. 'काय ॲक्टिंग आहे!' 'या वयात एवढी समज!' 'काळीज चिरलं या लेकरानं.' एकानं लिहिलं होतं, 'मोठेपणी नाव काढणार पोरगी.' रडक्या तोंडांचे, बदामाचे, हात जोडल्याचे किती इमोजी.

सुमेधानं खाली लिहिलं: 'ही ॲक्टिंग नाही. तिची आई कुठं गेली होती, ते विचारा.'

पहिलं उत्तर आलं: 'जळकुकडी.' दुसरं: 'तुला काम मिळालं नाही वाटतं.' तिसरं यायच्या आत तिचं वाक्य पुसलं गेलं होतं. समंजस, काळीज चिरलेले प्रेक्षक! एका लेकराच्या रडण्यानं त्यांचं काळीज चिरतं, आणि ते लेकरू का रडलं असं कुणी विचारलं की तेच काळीज लगेच शिवून तयार.

जयंती तोंडावर आली तेव्हा ती दोन दिवसांसाठी वाटूरला आलेली. दुकानात अंगदराव मोटारीला वॉर्निश लावत होते. कडूबा आपल्या नातीला घेऊन येऊन बसलेला. नात पाच वर्षांची, तेलाच्या डब्यावर थापा मारत गात होती, आणि मजा म्हणजे अगदी सुरात. सुमेधानं बघितलं, बापाचा ब्रश थांबला होता. कान तिकडं होते. त्या कानांची तिला जन्माची ओळख होती. 

फोन वाजला. हात भरलेले, म्हणून बापानं कोपरानं स्पीकर लावला. तीर्थपुरीचे अण्णासाहेब. दरवर्षी कार्यक्रम तेच ठरवायचे.

"जय भीम, अंगदराव! तारीख लिहून घ्या. पण एक हाय. मागच्या साली ते रडायचं गाणं काही रंगलं न्हाई. तुमची बाई मोठी झाली आता, लोकाला भिडत न्हाई. एखादी लहान पोरगी न्हाई का पार्टीत?"

 सुमेधा बापाकडं बघत राहिली. अंगदरावांनी तिच्याकडं बघायचं टाळलं आणि नजर गेली ती डब्यावर थापा मारणाऱ्या पोरीवर. पोरगी त्यांच्याकडं बघून हसली.

"न्हाई," अंगदराव म्हणाले.

"बघा की जरा. कडूबाची नात गाती म्हणं."

कडूबानं हौसेनं तोंड उघडलं. अंगदरावांनी वॉर्निशचा हात त्याच्या तोंडापुढं धरला. "ती गात न्हाई. आन अण्णासाहेब, रडायचं गाणं बंद केलं आम्ही. सुमेधा येईल, तिला पायजे ते गाईल."

"असं व्हय," अण्णासाहेब म्हणाले. "मंग बघू आम्ही दुसरीकडं." फोन बंद झाला.

"गेली ना सुपारी!" कडूबा म्हणाला. "आन माझी नात गात न्हाई? कान फुटले का तुझे?"

अंगदराव ब्रश घेऊन पुन्हा मोटारीकडं वळले. वॉर्निश भलतीकडंच लागत होतं. सुमेधानं त्यांचे आभार मानले नाहीत. मानायचे कशाबद्दल? एका फोनवर एक 'न्हाई' म्हटल्यानं त्या सगळ्या गावांतल्या संध्याकाळी काही परत येत नव्हत्या. पण तिनं कोपऱ्यातली पेटी ओढून पुढ्यात घेतली, आपल्या जाड आवाजाची खालची पट्टी धरली आणि म्हणाली, "काका, ढोलकी आणा. ह्या पट्टीत बसती का बघू."

तीर्थपुरीला त्या साली दुसरी पार्टी गेली. त्यांच्याकडं एक लहान पोरगी होती. मांडव ढसाढसा रडला म्हणे.